काहीच करावंसं वाटत नाही: उदासीनतेतून बाहेर पडताना पायऱ्यांचा क्रम कुठे चुकतो

'कशातच मन लागत नाही' असं सांगणाऱ्या माणसाने बहुतेक वेळा उपाय आधीच सुरू करून सोडलेले असतात. पहाटे पाचचा गजर लावून झालेला असतो, जिमची फी भरलेली असते, 'सोमवारपासून बघा' असं घरी सांगितलेलं असतं. गुरुवारपर्यंत गजर बंद होतो. मग मूळच्या निरुत्साहात अपराधीपणाची भर पडते आणि 'आपण आळशीच आहोत' हा शिक्का माणूस स्वतःच स्वतःवर मारून घेतो.

उपाय चुकीचे नसतात, क्रम चुकीचा असतो. जी पायरी पाचवी-सहावी आहे ती लोक पहिली घेतात आणि जी पहिली आहे ती राहूनच जाते. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. हा लेख सोलापुरातल्या प्रौढांसाठी आहे. शाळकरी मूल खेळ, मित्र, जेवण यातून मन काढून घेत असेल तर त्याच्यावर हे प्रयोग करू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

सुरू करण्याआधीची तयारी

एक शंभर पानी वही आणि पेन घ्या. मोबाइलमधलं ॲप नको, कारण नोंद करायला फोन उघडला की पुढचा पाऊण तास रील्समध्ये जातो. सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत गोळा करा. त्यात आयुर्वेदिक चूर्णं, केसांसाठीच्या गोळ्या, मेडिकलमधून परस्पर आणलेली झोपेची गोळी हेही आलं. तिसरी तयारी लोकांना अवघड जाते: एका माणसाला सांगून ठेवायचं. सगळ्या घराला नाही, एकालाच. 'पुढचे तीन आठवडे मी हे करून बघणार आहे, तू फक्त अधूनमधून विचार', एवढंच.

## टप्पा १: थांबून चालणार नाही अशी लक्षणं आधी बघा

खालचं काही लागू होत असेल तर पुढचे टप्पे बाजूला ठेवा आणि आजच मदत घ्या.

- 'मेलो तर बरं', 'माझ्यावाचून यांचं काही अडणार नाही' असे विचार येतात, किंवा स्वतःला इजा करावीशी वाटते.
- जेवण, पाणी, अंघोळ जवळपास बंद झाली आहे.
- बाळंतपणानंतर आईला बाळाबद्दल काहीच वाटत नाही, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नाही, किंवा ती विचित्र, भीतीदायक काही बोलते.
- आसपास कुणी नसताना बोलण्याचे आवाज ऐकू येतात, कुणी आपल्यावर पाळत ठेवतंय असं ठामपणे वाटतं.
- घरातलं वयस्कर माणूस दोन-चार दिवसांत अचानक गप्प झालं, दिवसा पेंगतं, वेळ-ठिकाण चुकवतं.

शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण इथे घराघरांत चूक होते. 'आता वय झालं, बोलत नाहीत' म्हणून आठवडे काढले जातात. वय झाल्यावर माणूस तीन दिवसांत बदलत नाही. लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी पडणं यांतून असं होतं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर सोडियमची शंका आधी घ्यायची. गेल्या महिना-दोन महिन्यांत बाथरूममध्ये घसरून डोक्याला मार बसला असेल, अगदी तेव्हा काही झालं नाही असं वाटलं असेल, तरी ते डॉक्टरांना सांगा. मेंदूवर हळूहळू रक्त साचून नंतर अशी सुस्ती येऊ शकते आणि ती सीटी स्कॅनमध्ये कळते.

टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य असते. २०२२ पासून ती सुरू आहे. मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूतही बोलता येतं. सोलापुरात याला अर्थ आहे. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक घरात आजी तेलुगूत मोकळी होते आणि मराठीत 'बरं आहे' म्हणून गप्प बसते, हे आपल्याला ठाऊक आहे. जिवाला धोका असेल तर ११२, किंवा थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग.

सावधान: वरच्या यादीतलं पहिलं लक्षण असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध, उंदराचं औषध, गोळ्यांचा साठा घरातून हलवा किंवा कुलपात ठेवा. 'विचारलं तर डोक्यात येईल' ही भीती खोटी आहे. सरळ विचारा.

## टप्पा २: नेमकं काय होतंय ते ओळखा

बाहेरून सगळं सारखंच दिसतं. माणूस पडून आहे, फोन बघतोय, बोलावलं तर 'नको' म्हणतो. आतलं कारण मात्र वेगळं असतं आणि उपायही त्यावरच ठरतो. स्वतःला हे प्रश्न विचारा.

करायची इच्छा आहे, पण अंग उचलत नाही? मग हा थकवा आहे. टप्पा ३ वर जास्त वेळ द्या.

एकच काम नको वाटतं, बाकीचं चालतं? उदाहरणार्थ, अभ्यासाचं पुस्तक उघडवत नाही, पण मित्राचा फोन आला की सात रस्त्याला चहाला जाता येतं. ही टाळाटाळ आहे आणि तिच्यामागे बहुधा भीती असते. निकालाची, वसुलीची, कुणाला तरी 'नाही जमलं' असं सांगण्याची. अशा वेळी उदासीनतेवर उपचार करत बसू नका. ज्या गोष्टीची भीती आहे तिच्याबद्दल कुणाशी तरी बोला.

हे नको, दुसरं काही हवंय? तो कंटाळा. आजार नाही.

काहीच नकोय, आणि पूर्वी जे आवडायचं तेही नकोय? दही, शेंगा चटणी आणि कडक भाकरी समोर आली तरी 'ठेव तिथे' असं होतं. मुलाला नव्वद टक्के पडले आणि आत काही हललं नाही. लग्नाला गेलो, सगळ्यांशी हसलो, परत येताना मात्र रिकामं वाटलं. ही ती उदासीनता, जिच्यासाठी हा लेख आहे.

यातही एक फरक बघायचा. 'असं का होतंय' याचा त्रास त्या माणसाला स्वतःला होतो, की फक्त घरच्यांना? नैराश्यात माणसाला सहसा त्रास होतो, तो स्वतःला दोष देतो. साठी उलटलेल्या माणसाने उठणं-बोलणं सोडलंय, पण तो दुःखी नाही, रडत नाही, त्याला काही बिघडलंय असंच वाटत नाही, असं असेल तर प्रकरण वेगळं असू शकतं. स्मृतिभ्रंशात, कंपवातात किंवा पक्षाघातानंतर मेंदूतली काम सुरू करून देणारी यंत्रणाच मंदावू शकते. अशा माणसाला 'मन घट्ट करा' म्हणण्यात काही अर्थ नाही. न्यूरोलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञाला दाखवा.

पडताळा: शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आणि हे दोन आठवड्यांहून जास्त, जवळपास रोज? मग टप्पे ३ ते ६ करा, पण टप्पा ८ मधल्या मनोविकारतज्ज्ञाची वेळ आत्ताच घेऊन ठेवा. तो शेवटी ठेवलाय म्हणून त्याची वाट बघायची नाही.

## टप्पा ३: शरीर तपासून घ्या

सर्वात जास्त वगळला जाणारा टप्पा हाच. हिमोग्लोबिन आठवर आलेल्या बाईला सकारात्मक विचारांचे व्हिडिओ पाठवणारे नातेवाईक मला समजत नाहीत.

आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि तपासण्यांबद्दल विचारा. साधारणपणे या गोष्टी बघितल्या जातात:

- सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी: पांडुरोग (रक्त कमी असणं) आहे का. पाळीत जास्त रक्त जात असेल तर न विचारता तेही सांगा.
- टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी: थायरॉइड मंद असेल तर सुस्ती, वजनवाढ, बद्धकोष्ठता, थंडी जास्त वाजणं आणि मन मरगळणं एकत्र येतं.
- बी-१२: शाकाहारी लोकांत ही कमतरता वारंवार सापडते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर आवर्जून बघायची.
- साखर आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर.
- ड जीवनसत्त्व: इतकं ऊन असलेल्या गावात कसं कमी पडेल, असं वाटतं. पण दिवस कारखान्यात किंवा घरात जात असेल तर गावातलं ऊन आपल्या कातडीला लागतच नाही.

आता गोळ्यांची पिशवी डॉक्टरांसमोर रिकामी करा. रक्तदाबाच्या काही गोळ्या, सर्दी-खाजेच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या माणसाला मंद करतात. नैराश्यावरच्या काही औषधांनी दुःख कमी होतं, पण आनंदही बोथट होतो. हे ठाऊक नसल्यामुळे 'गोळ्या घेऊनही मन लागत नाही' असं म्हणत लोक वर्ष काढतात.

झोपेचंही विचारा. रात्री मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकल्यासारखा होऊन जाग येणं, आठ तास झोपूनही सकाळी डोकं जड असणं ही झोपेतल्या श्वासरोधाची लक्षणं आहेत. शेजारी झोपणाऱ्याला विचारा, स्वतःला कळत नाही.

नेहमीच्या चुका:
तपासणीच्या आधीच बी-१२ ची इंजेक्शनं घेणं. मग आकडा चांगला येतो आणि खरी स्थिती कळत नाही.
केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असताना थायरॉइडची तपासणी करणं. बायोटिनमुळे रिपोर्ट चुकू शकतो. किती दिवस आधी थांबवायचं ते डॉक्टरांना विचारा.
संशय आला म्हणून चालू गोळी स्वतःच बंद करणं. हे अजिबात नको, काही गोळ्या अचानक बंद केल्या की त्रास होतो.
रिपोर्ट नॉर्मल आल्यावर 'म्हणजे सगळी नाटकं होती' असं म्हणणं. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे कारण रक्तात नाही, इतकंच.

## टप्पा ४: सात दिवस फक्त नोंद

रिपोर्ट येईपर्यंत हे सुरू करता येतं. या आठवड्यात काहीही सुधारायचं नाही. दिवसाचे दोन-दोन तासांचे भाग पाडा. प्रत्येक भागात काय केलं ते चार शब्दांत लिहा आणि पुढे दहापैकी दोन गुण द्या: एक 'बरं वाटलं' याला, दुसरा 'जमलं' याला.

एक ओळ अशी दिसेल: *१० ते १२, पडून, फोन. बरं १, जमलं ०.* आणि दुसरी अशी: *६ ते ८, पाणी आलं, भरलं, पायरी धुतली. बरं ३, जमलं ६.*

दुसऱ्या ओळीकडे नीट बघा. तीन म्हणजे काही आनंद नव्हे. पण एक आणि तीन यांतला फरक वहीशिवाय दिसत नाही. उदासीन माणसाच्या आठवणीत सगळा आठवडा एकाच रंगाचा असतो. 'काहीच बरं वाटलं नाही' असं तो प्रामाणिकपणे सांगतो आणि ते खरं नसतं.

सात दिवसांनी वही उघडून फक्त तीन गोष्टी शोधा. दिवसाचा कोणता भाग सगळ्यात वाईट जातो? कोणत्या कामानंतर गुण थोडे तरी चढतात? आणि माणसांशी प्रत्यक्ष बोलणं किती झालं?

सावधान: नोंद रात्री एकदम करू नका. दिवस संपताना मन जसं असतं तसेच सगळ्या दिवसाला गुण पडतात.

## टप्पा ५: आधी दिवसाची घडी, मग नवं काही

नव्या सवयी लावायची घाई इथेही नको. आधी चार खुंट्या ठोकायच्या: उठणं, पहिलं खाणं, उजेड, दुसरं जेवण.

झोपायची वेळ ठरवून झोप येत नाही, उठायची वेळ मात्र पाळता येते. म्हणून उठायची वेळ ठरवा आणि ती सध्याच्या वेळेच्या जवळची ठेवा. साडेनऊला उठणाऱ्याने नऊ ठरवावं, पाच नव्हे. उठल्यावर अर्ध्या तासात उजेडात या. गच्ची, गॅलरी, दारातली पायरी, काहीही चालेल.

सोलापूरचा उन्हाळा हिशेबात धरायलाच हवा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार असतो आणि दुपारी बारा ते चार हे गाव सक्तीने घरात असतं. अंधार केलेली खोली, कुलरचा आवाज, पलंग, हातात फोन. ठणठणीत माणसाचंही मन यात मरगळतं. या काळात दुपारवर काहीही आखू नका. तुमचे कामाचे तास सकाळी साडेआठपर्यंतचे आणि संध्याकाळी सहानंतरचे. दुपारी झोप घ्यायची तर अर्धा तास, आणि पलंगावर नको, चटईवर.

रात्रपाळी करणाऱ्यांना 'सकाळी लवकर उठा' हा सल्ला निरुपयोगी आहे. पाळी आठवड्याला बदलत असेल तर घड्याळ सोडा आणि 'उठल्यापासून' मोजा. उठल्यावर अर्ध्या तासात खाणं आणि उजेड, दोन तासांत एका माणसाशी बोलणं. पाळी कोणतीही असो, हा क्रम बदलायचा नाही.

चहा झोपेच्या सहा तास आधी थांबवा. दारू 'मूड' साठी घेत असाल तर लक्षात घ्या, ती दुसऱ्या दिवसाची दुपार खाते. वहीत बघा, दिसेल.

## टप्पा ६: तीन छोटी कामं, इच्छेची वाट न बघता

आपण समजतो की आधी इच्छा होते आणि मग हातून काम होतं. उदासीनतेत हा मार्ग बंद पडलेला असतो, म्हणून उलट्या बाजूने जायचं. आधी काम, मग कधीतरी मागून इच्छा. मोटर पाणी उचलत नसेल तर आपण आधी वरून पाणी ओततो, तसंच हे. मानसोपचारात ही पद्धत नीट अभ्यासलेली आहे. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर अशाच धर्तीचा अभ्यास झाला. तिथे पदवीधारक मानसतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती, आणि मोजक्या बैठकांतही नैराश्यात फरक पडला. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. सांगायचं कारण इतकंच की हे 'मनाला समजवा' छापाचं नाही.

वहीवरून तीन कामं निवडा:

एक अंगाचं, म्हणजे हालचाल.
एक घराचं, ज्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो.
एक माणसांचं.

कामाचा आकार ठरवायची कसोटी: गेल्या आठवड्यातल्या सगळ्यात वाईट दिवशीही हे झालं असतं का? नसतं तर निम्मं करा. 'सिद्धेश्वर तलावाला रोज दोन फेऱ्या' हे मोठं काम आहे. 'चप्पल घालून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत' हे बरोबर. 'कपाट आवरणं' मोठं, 'एक कप्पा' बरोबर. 'मित्रांना भेटणं' मोठं, 'एकाला फोन, पाच मिनिटं' बरोबर. तलाव दोन-तीन आठवड्यांनी येईलच. तेव्हाही सिद्धेश्वर किंवा कंबर तलाव, जो जवळ असेल तो निवडा. रिक्षा करून जावं लागेल अशी जागा नको.

वेळ घड्याळाने ठरवण्यापेक्षा आधीच घडणाऱ्या गोष्टीला बांधा. सकाळच्या चहाचा कप खाली ठेवला की चप्पल घालायची. आपल्याकडे तर नळाला पाणी रोज येत नाही, आणि ते यायच्या दिवशी कितीही मरगळलेला माणूस उठतोच. तो दिवस फुकट घालवू नका. भांडी भरून झाली की त्याच ओघात घराचं काम उरका.

कामं कुणासाठी काय, हे मात्र वेगवेगळं असतं.

*स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा:* त्याची अडचण अशी की कष्टाचं फळ वर्ष-दोन वर्षं दिसत नाही, आणि एक-दोनदा अपयश आलं की मेंदू 'काही केलं तरी काय फरक पडतो' हे शिकून बसतो. म्हणून त्याचं काम त्याच दिवशी संपणारं आणि तपासता येणारं हवं. 'राज्यघटना वाचणं' नको. जुन्या प्रश्नपत्रिकेतले पाच प्रश्न सोडवायचे, उत्तरं ताडायची, वही मिटायची. आणि दिवसातलं एक काम असं, ज्याचा परीक्षेशी संबंधच नाही.

*यंत्रमागावर उभा राहणारा कामगार:* त्याला 'चालायला जा' सांगणं म्हणजे थट्टा. पाय दिवसभर चाललेलेच असतात आणि कान खटखटीने बधिर झालेले असतात. त्याचं अंगाचं काम म्हणजे घरी आल्यावर अंघोळ करून दहा मिनिटं शांत बसणं. भर माणसांच्या कामावर द्यायची, कारण मागाच्या आवाजात दिवसभर कुणाशी बोलणं झालेलं नसतं.

*घरी बसून विड्या वळणारी किंवा शिलाई करणारी बाई:* तिच्या यादीत चौथं काम घालू नका. रिकामा वेळ नाही म्हणून उदासीनता येत नाही, असं नसतं. सकाळपासून रात्रीपर्यंत हात चालू असतात, आणि त्यातलं काहीही तिने निवडलेलं नसतं. इथे आधी एक काम कमी करावं लागतं, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उचलावं लागतं. त्या मोकळ्या वीस मिनिटांत तिने जे करायचं ते कुणासाठीही उपयोगाचं नसलं तरी चालेल. या मुद्द्यावर घरात थोडी भांडणं होतील. होऊ द्या.

*निवृत्त माणूस:* त्याला छंद सुचवले जातात, आणि छंद पंधरा दिवसांत सुटतो. छंदापेक्षा कुणीतरी वाट बघत असणं जास्त उपयोगी पडतं. नातवाला शाळेच्या रिक्षापर्यंत सोडणं, शेजाऱ्यांचं लाइटबिल भरणं, हिराचंद नेमचंद वाचनालयात ठरलेल्या माणसाबरोबर ठरलेल्या वेळी पेपर वाचणं. गेला नाही तर कुणीतरी फोन करेल, अशी व्यवस्था हवी.

पडताळा: काम करण्याआधी 'किती बरं वाटेल' याचा अंदाज दहापैकी लिहा आणि केल्यावर खरे गुण लिहा. उदासीनतेत अंदाज सहसा खऱ्या गुणांपेक्षा कमी निघतो. दहा-बारा नोंदी झाल्या की अंदाजावर किती विश्वास ठेवायचा हे आपोआप कळतं.

नेहमीच्या चुका:
चांगला दिवस आला की तीनाची दहा कामं करणं. दुसऱ्या दिवशी अंग धरतं. चांगल्या दिवशीही तीनच.
आनंद झाला नाही म्हणून काम सोडणं. पहिल्या आठवड्यात 'जमलं' चे गुण चढतात, 'बरं वाटलं' चे मागून येतात.
एक दिवस चुकला की 'आता पुढच्या महिन्यापासून'. चुकलेला दिवस वहीत तसाच ठेवा, दुसऱ्या दिवशी पुढची ओळ.
पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरची वारी करून आलो की सुटेल, असं मानणं. जरूर जा. प्रवास, माणसं, दर्शन यांनी त्या दिवशी बरं वाटतंच. परत आल्यावरच्या दिवसासाठी तीन कामं मात्र आधी लिहून ठेवा, कारण तोच दिवस घसरतो. आणि रक्ततपासणीच्या जागी वारी धरू नका.

## टप्पा ७: घरच्यांनी काय बोलायचं

'तुला काय कमी आहे?' या प्रश्नाचं उत्तर त्या माणसाकडे नसतं, म्हणून तो विचारू नये. 'चल की जरा बाहेर, बरं वाटेल' हेही फारसं चालत नाही, कारण बरं वाटेल यावर त्याचा विश्वासच नाही.

प्रश्नाऐवजी सोपं, ठरलेलं, छोटं आमंत्रण द्या. 'दादा, मी मंडईत चाललोय, पिशवी धरायला चला, अर्ध्या तासात परत.' 'आई, शेंगा निवडायच्यात, तू इकडे बस माझ्याजवळ.' नकार आला तर 'बरं, उद्या याच वेळी विचारते', आणि उद्या खरंच विचारायचं. टोमणा नको, कौतुकाचा पाऊसही नको. दोन महिन्यांनी भाऊ स्वतःहून उठून दाढी करून आला तर 'अरे वा, आज सूर्य कुठे उगवला' असं म्हणू नका. 'चहा टाकू का?' एवढं पुरे.

त्याची सगळी कामं स्वतःवर घेणं ही प्रेमातून होणारी चूक आहे. ताट उचलणं, स्वतःची बाटली भरणं, असं एखादं काम त्याच्याकडेच राहू द्या.

## टप्पा ८: दोन आठवड्यांनी निर्णय

टप्पा ६ सुरू करून दोन आठवडे झाले की वही उघडा. गुण हळू का होईना चढतायत? तर चालू ठेवा, कामं थोडी मोठी करा. काहीच हललं नाही, किंवा टप्पा २ मध्ये वेळ घेऊन ठेवली होती? तर मनोविकारतज्ज्ञाकडे जा. सोलापुरात सिव्हिलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मनोविकार विभागाची ओपीडी आहे. खासगी डॉक्टरही आहेत. समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ यांत गोंधळ करू नका. या दोघांपैकी औषध फक्त मनोविकारतज्ज्ञ देऊ शकतात. कुठे जायचं कळत नसेल तर १४४१६ वर फोन करून विचारा.

डॉक्टर बहुधा पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी विचारतील. गेल्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर नीट तपासणीची गरज समजली जाते. पहिलाच प्रश्न कामात रस न वाटण्याचा आहे. नववा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा, आणि त्याचं उत्तर शून्याहून जास्त असेल तर बेरीज कितीही असो, ते गांभीर्याने घ्यायचं. गर्दीच्या ओपीडीत लाजेने त्याला 'नाही' म्हणू नका.

नेताना वही, रिपोर्ट आणि गोळ्यांची पिशवी घ्या. आणि बरोबर एक माणूस, कारण उदासीन माणूस डॉक्टरांसमोर 'तसं ठीक आहे' म्हणून उठतो. बोलायला सुरुवात अशी करा: 'इतक्या आठवड्यांपासून आवडत्या गोष्टीही नकोशा झाल्यात, झोप अशी आहे, भूक अशी आहे, घरात आधी कुणाला असं झालं होतं.'

औषध दिलं तर परिणाम दिसायला सहसा दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण फरक पडायला त्याहून जास्त. आठ दिवसांत 'काही उपयोग नाही' म्हणून सोडू नका, आणि दोन महिन्यांनी 'आता बरा झालो' म्हणूनही स्वतः बंद करू नका. मन बोथट झाल्यासारखं वाटलं तर तेच शब्द डॉक्टरांना सांगा. डोस किंवा गोळी बदलता येते. औषध चालू असतानाही टप्पा ६ ची तीन कामं सुरू ठेवायची.

## टप्पा ९: घसरण येईल, तिची तयारी

बरं वाटायला लागल्यावर वहीच्या शेवटच्या पानावर दोन गोष्टी लिहून ठेवा. घसरण सुरू होताना तुमच्यात सगळ्यात आधी काय बदलतं? कुणाची अंघोळ लांबते, कुणी फोन उचलणं सोडतं, कुणी दुपारचं जेवण टाळतं. आणि तसं दिसलं तर त्या दिवशी करायची सर्वात छोटी तीन कामं. हे पान आधी ज्या एका माणसाला सांगितलं होतं त्याला दाखवा. तुमच्या आधी त्याला दिसतं.

मे महिना, परीक्षेचा निकाल, कारखान्यातली मंदी, घरातल्या कुणाचं वर्षश्राद्ध, अशा ज्या तारखा आधीच माहीत असतात त्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा. त्या आठवड्यात नवं काही सुरू करायचं नाही, फक्त टप्पा ५ च्या चार खुंट्या सांभाळायच्या. बी-१२, हिमोग्लोबिन किंवा थायरॉइडवर उपचार चालू असतील तर पुन्हा तपासणी कधी करायची ती तारीखही डॉक्टरांना विचारून त्याच कॅलेंडरवर लिहा.